असलं एक द्या

परवा ५५५ टायमर नावाच्या आयसीचे, म्हणजे चिपचे, दहा नग मागवले आणि पार्सल फोडून बघतोय तर आत प्लॅस्टिकच्या पट्टीत मसूर डाळीएवढं कायतरी. पायांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर, आणि माझ्या ब्रेडबोर्डच्या, म्हणजे सोल्डर न करता पाय खोचायच्या पाटीच्या, भोकांमधलं २.५४. म्हणजे बरोब्बर निम्मं. चूक त्यांची नाही हो, माझीच. नावाच्या शेवटी ‘पी’ असेल तर लांब पायाची जुनी आयसी, ‘डी’ असेल तर बोर्डावर चिकटवायची बारकी, हे मला माहीत होतं, पण रात्री अकरा वाजता डीवाली दोन रुपयानं स्वस्त दिसली आणि बोट तिकडंच गेलं.

प्रोजेक्ट काय मोठं नाही, वरच्या टाकीचा अलार्म. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी नाही, येतं तेव्हा मोटर लावून वर चढवायचं, आणि मोटर विसरली की टाकी भरून रस्त्यावर पाट. मग समोरच्या काकू ओरडतात, "पाणी चाललंय की ओ तुमचं!" म्हटलं काकूंचा घसा तरी वाचवूया. टाकीत दोन वायरी सोडायच्या, पाणी दोन्हीला टेकलं की ट्रान्झिस्टरचा स्विच चालू, ५५५ सुरू, बझर बोंबलायला मोकळा. वायरी मात्र स्टीलच्या पाहिजेत, तांब्याच्या घातल्या होत्या त्या चार आठवड्यात हिरव्या होऊन बसल्या.

शाळेत असताना बरं होतं. बाजारात बोळातल्या एका दुकानात जळका ट्रान्झिस्टर घेऊन जायचं आणि म्हणायचं, "काका, असलं एक द्या." काका तो ट्यूबलाईटखाली धरायचे, चष्मा कपाळावर चढवून वाचायचे, बीसी ५४७. नसला तर, "५४८ घाल रे, चालतंय." आणि चालायचा, कारण ५४७ पंचेचाळीस व्होल्टपर्यंत सोसणारा, ५४८ तीसपर्यंत, आणि आमचं सगळं नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. रेझिस्टर तर ते रंगीत पट्ट्यांवरनं लांबूनच ओळखायचे, पिवळा, जांभळा, तांबडा, चार पॉइंट सात के, म्हणजे ४७०० ओहम. सरळ पाच का नाही विचारलं तर म्हणायचे, दहा टक्के इकडंतिकडं धरूनच आकडे पाडलेत, पाच काय आणि पावणेपाच काय. पुडी कधी मराठी पेपरची, कधी कन्नड. त्यांच्याकडंही नसलेलं काय लागलं तर मग कुणीतरी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगलोरला जाणारा शोधायचा आणि एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातनं आण म्हणून चिठ्ठी द्यायची, नायतर मुंबईला जाणारा आणि लॅमिंग्टन रोड. दोन्हीकडचं तितकंच लांब वाटायचं.

आता साईटवर ‘असलं’ टाईप करून काय येत नाही. तिथं आधी नाव पाहिजे, मग शेपूट पाहिजे. शिवाय आयसी दहा रुपयांची आणि डिलिव्हरी सत्तर, म्हणून मग जीव राहत नाही आणि कार्टात भर घालत बसायचं, शंभर एलईडी, चार रिले, एक सेन्सर जो कशाला घेतला ते मलाच आठवत नाही, आणि त्या नादात ऐंशीऐवजी सहाशेचं बिल. पुण्याहून मागवलं तर बिलावर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या मालाचा जीएसटी, १८ टक्के, बेंगलोरहून मागवलं तर केंद्राचा ९ अधिक राज्याचा ९. आम्ही कर्नाटकात, त्यामुळं पुणं जवळ पण परराज्य, बेंगलोर लांब पण आपलं राज्य. पैसे तेवढेच जातात म्हणा.

त्या मसूर डाळीला वायरी जोडायचा एकदा प्रयत्न केला. एक पाय तुटला, एक बोट भाजलं. मुकाट परत ऑर्डर केली, यावेळी शेवटचं अक्षर तीनदा वाचून.

काल सकाळी पाणी आलं. मोटर लावून मी मोबाईल घेऊन बसलो, ट्रॅकिंग बघत. पार्सल हुबळीत होतं. तेवढ्यात समोरनं हाक आली, "पाणी चाललंय की ओ तुमचं!"