31 जुलैची रात्र आणि सरांचा रिटर्न

नागपूरच्या सक्करदऱ्यात माझं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. 31 जुलै 2024 ला, इन्कम टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सर आले तेव्हा रात्रीचे साडेआठ होऊन गेले होते. ज्युनिअर कॉलेजला शिकवणारा, नाकासमोर चालणारा माणूस. फॉर्म 16, म्हणजे कॉलेजनं दिलेला पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, आणि गृहकर्जाच्या व्याजाचं सर्टिफिकेट टेबलावर ठेवत म्हणाले, "भाऊ, टॅक्स तर कॉलेजनं कापलाच आहे जी. आज नाही झालं तर उद्या भरू. पाच हजार दंड लागन, अजून काय?"

हे मी दरवर्षी ऐकतो. पाच लाखांवर उत्पन्न असेल तर उशिराचं शुल्क पाच हजार, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या वर्षापासून नियम बदलला होता आणि तो फार थोड्या लोकांपर्यंत पोचला होता. कर निर्धारण वर्ष 2024-25 पासून, म्हणजे 2023-24 च्या कमाईपासून, नवी करप्रणाली आपोआप लागू होते. गृहकर्जाचं व्याज, गुंतवणूक अशा वजावटी देणारी जुनी हवी असेल तर पगारदारानं रिटर्नमध्येच तसं सांगायचं, आणि तेही मुदतीच्या आत. तारीख हुकली की तो पर्यायच संपतो. कॉलेजनं जुन्या प्रणालीनं टॅक्स कापलाय, हे तिथे कामाला येत नाही.

सरांचा पगार 14 लाखांच्या घरात. गृहकर्जाचं व्याज दोन लाख, 80सी कलमातल्या गुंतवणुकीचे दीड लाख, एनपीएस या पेन्शन योजनेचे पन्नास हजार, मेडिक्लेमचे पंचवीस हजार. दोन्ही प्रणालींचा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला. फरक आला 23,920 रुपयांचा. त्यात पाच हजारांचं शुल्क मिळवलं तर एका रात्रीच्या उशिराचे जवळपास 29 हजार, थकलेल्या टॅक्सवरचं व्याज वेगळं. सर खुर्चीत सरसावून बसले. "हे आमाले कोणीच सांगितलं नाही जी." खरंच कोणी सांगत नाही, आणि मला याचा दरवर्षी राग येतो. स्टाफरूममध्ये मुदतवाढीच्या अफवा लगेच पोचतात, ही गोष्ट पोचत नाही.

घाई होती, तरी एआयएस, म्हणजे टॅक्स खात्याकडचं वार्षिक माहितीपत्रक, उघडल्याशिवाय मी कोणाचाच रिटर्न भरत नाही. बँका, पोस्ट, म्युच्युअल फंड आपल्या पॅनवर जे जे कळवतात ते त्यात दिसतं. सरांच्या एआयएसमध्ये एफडीचं 60,000 रुपये व्याज दिसलं, त्यावर बँकेनं कापलेला सहा हजारांचा टीडीएसही. फॉर्म 16 मध्ये याचा मागमूस नव्हता.

"ते आईचं आहे," सर म्हणाले.

मी विचारलं, "पैसे कुठून आले होते, सर?"

एफडी जोडनावावर होती, पहिलं नाव सरांचं. रक्कम त्यांच्याच पगाराच्या खात्यातून गेलेली. ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे, असं एआयएसमध्ये कळवता येतं. पण ते खरं असेल तरच. दोन मिनिटं सर गप्प होते. मग म्हणाले, "नाही, माझंच आहे ते. दाखवा." रिटर्न हे माणसानं स्वतःच्या सहीनं केलेलं निवेदन आहे, आणि त्या एका वाक्यासाठी सरांबद्दलचा माझा आदर फार वाढला.

एफडीचं व्याज उत्पन्नात धरून 6,480 रुपये टॅक्स भरायचा निघाला. दहा हजारांच्या आत असल्यानं अग्रिम कर न भरल्याचं व्याज लागलं नाही. चलन करताना मी मुद्दाम स्क्रीन सरांकडे वळवली. तिथे कर निर्धारण वर्ष निवडावं लागतं, आणि कमाई 2023-24 मधली म्हणून लोक तेच निवडून मोकळे होतात. आपल्याला हवं होतं 2024-25. चुकलं की पैसे दुसऱ्याच वर्षात जमा होतात आणि इकडे मागणीची नोटीस येते. प्रकार 'सेल्फ असेसमेंट टॅक्स', कोड 300. पोर्टल अगदी संथ चालत होतं. नंतर कळलं, त्या एकाच दिवशी देशभरातून 69.92 लाख रिटर्न भरले गेले होते. शेवटी चलनाची पावती आली. पावतीवरचा बँकेचा बीएसआर कोड आणि चलन क्रमांक रिटर्नमध्ये चढले आहेत ना, हे आकडा-आकडा ताडून पाहिलं आणि सव्वादहाला रिटर्न सबमिट केला.

आता राहिलं व्हेरिफिकेशन, आधारच्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीनं. आधारला जोडलेला नंबर मुलीकडे, आणि मुलगी वर्ध्याला. फोन लागेना. सरांच्या कपाळावर घाम. मी सांगितलं, घाबरू नका, 30 दिवसांत व्हेरिफाय केलं तर तारीख आजचीच धरतात. पण "उद्या करू" म्हणून उठलेले किती तरी लोक मी पाहिलेत. ते विसरतात, आणि व्हेरिफाय न केलेला रिटर्न भरलाच नाही असं धरलं जातं. म्हणून आम्ही बसून राहिलो. पावणेअकराला मुलीचा फोन आला. मी पुन्हा ओटीपी मागवला, तिनं सहा आकडे सांगितले, सरांनी स्वतः टाईप केले.

पुढे रिटर्न तपासून खातं पाठवतं ती 143(1) ची सूचना आली, मागणी शून्य. 2025 मध्ये मुदत आधी 15 आणि मग 16 सप्टेंबरपर्यंत गेली, तरी सरांचे कागद जून संपायच्या आत माझ्या टेबलावर होते. एआयएस त्यांनी घरूनच प्रिंट करून आणलं होतं. स्टाफरूममधल्या आणखी तिघांना सोबत घेऊन आले होते.