नुसती नावे विकून घर चालते का? तुम्ही विचारलंत म्हणून

कोल्हापुरात माझा डोमेननावे, म्हणजे संकेतस्थळांचे इंटरनेटवरचे पत्ते, विकण्याचा व्यवसाय कळला की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "नुसती नावे विकून घर चालते का?" गेल्या वीस वर्षांत तो मला बँकेच्या अधिकाऱ्यांनी विचारला आहे, सासरच्या मंडळींनी विचारला आहे, आणि अलीकडे महाविद्यालयातील मुले तो मोठ्या आशेने विचारतात, कारण त्यांनी मुंबईच्या तुराखिया बंधूंविषयी वाचलेले असते. भाविन आणि दिव्यांक या दोघांनी विशीही ओलांडलेली नसताना, १९९८ मध्ये, वडिलांकडून २५,००० रुपये उसने घेऊन डायरेक्टी ही कंपनी काढली. तिचे रिसेलरक्लब आणि बिगरॉक हे डोमेननावे विकणारे व्यवसाय २०१४ मध्ये एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीकडे गेले, आणि रॅडिक्स या त्यांच्या दुसऱ्या कंपनीने डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट टेक अशी अख्खी एक्स्टेन्शनेच, म्हणजे नावाच्या शेवटी येणारे तुकडेच, चालवायला घेतली. २०१२ मध्ये अशा एका एक्स्टेन्शनच्या अर्जाचे शुल्कच १,८५,००० डॉलर होते. शाहूपुरीच्या गूळबाजाराच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी पेठ वसवली, आणि माझे त्या पेठेतले एक छोटे दुकान आहे.

दुकानाचा हिशेब असा. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते आणि सप्टेंबर २०२४ पासून एका नावाच्या एका वर्षासाठी ती १०.२६ डॉलर घेते. त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीचा, नफा आणि कर चढतात, मग ते नाव माझ्यासारख्या रिसेलरकडे, म्हणजे किरकोळ विक्रेत्याकडे, येते आणि माझ्या हाती शंभरेक रुपये उरतात. नव्या नावाचे पहिले वर्ष मोठ्या कंपन्या अनेकदा तोटा सोसून विकतात, तेव्हा तेवढेही उरत नाहीत. म्हणजे विक्रीवर घर चालत नाही, हे मी कोणालाही मोकळेपणाने सांगते. ते चालते पुढच्या वर्षांच्या नूतनीकरणावर आणि त्यासोबत येणाऱ्या ईमेल आणि होस्टिंगच्या, म्हणजे संकेतस्थळ सर्व्हरवर ठेवण्याच्या, कामावर, आणि ही कामे ग्राहक माझ्याकडेच ठेवतो तो माझ्यावर विश्वास आहे म्हणून.

मी सुरुवात केली २००५ मध्ये. त्याआधी डॉट इन या भारताच्या एक्स्टेन्शनची नावे मिळवणे इतके किचकट होते की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली होती. २००५ च्या आरंभी नियम सैल झाले, नोंदणी सर्वांना खुली झाली आणि मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एकेका फाउंड्रीचे दार ठोठावू लागले. तिथे काम मिळाले, आणि पुढे चार वर्षांनी माझी सर्वांत मोठी चूकही तिथेच घडली.

एका फाउंड्रीच्या नावाची मुदत संपत आली होती आणि स्मरणपत्रे वेळेवर जात होती, पण ती ज्या पत्त्यावर जात होती तो पत्ता कारखान्यातून निघून गेलेल्या एका कर्मचाऱ्याचा होता, हे मी कधी तपासलेच नव्हते. मुदत संपली, संकेतस्थळ बंद झाले, आणि त्याच नावावरचे ईमेलही बंद झाल्यामुळे नंतर पाठवलेली एकही सूचना त्यांच्या कोणाकडेच पोहोचू शकली नाही. परदेशातील ग्राहकाची पत्रे परत जाऊ लागली तेव्हा मालकांचा फोन आला. डॉट कॉमचे नाव मुदतीनंतर साधारण ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या शुल्कात वाचवता येते, पुढचे ३० दिवस ते अनेक पट दंड भरूनच सोडवावे लागते, आणि त्यानंतर पाच दिवसांनी ते जगातल्या कोणालाही घेता येते. आम्ही मधल्या तीस दिवसांत होतो. दंड मी भरला. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीकडूनही एका नावाचे शुल्क भरायचे राहिले होते, तिची हॉटमेल ही ईमेल सेवा अडली होती, आणि एका अनोळखी प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून ते सोडवले होते. हे मला ठाऊक होते, पण मालकांसमोर बसले असताना त्याचा आधार वाटला नाही. तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाचा मोबाइल क्रमांक आणि त्या नावाबाहेरचा ईमेल पत्ता मी घेते, मुदतीआधी महिनाभर स्वतः फोन करते, आणि नाव माझ्या नव्हे तर ग्राहकाच्याच नावावर नोंदवते. ही शेवटची गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते. संकेतस्थळ बनवणाऱ्याने नाव स्वतःच्या नावावर घेऊन ठेवले आणि भांडण झाल्यावर मालकालाच ते सोडवून घ्यावे लागले, अशी प्रकरणे मी दर वर्षी पाहते.

मोठ्या कंपन्यांची नावे आधीच घेऊन ठेवा आणि महाग विका, असाही सल्ला मिळतो. ते मी करणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रेडिफ या संकेतस्थळाच्या बाजूने निर्णय देऊन दुसऱ्या कंपनीला 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मनाई केली, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेननावाला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळते हे स्पष्ट केले. पण कायदा नसता तरी, दुसऱ्याने कमावलेले नाव अडवून ठेवणाऱ्या दुकानात फाउंड्रीवाल्यांनी आपले नाव का ठेवावे?

सध्या मला सर्वांत जवळचे वाटणारे काम देवनागरी नावांचे आहे. डॉट भारत हे देवनागरी एक्स्टेन्शन २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि मराठी, कोकणीसह आठ भाषांना देवनागरीत नाव मिळू लागले. माझ्या एका गूळ व्यापाऱ्याला रोमन लिपीत गुळाची चार-पाच स्पेलिंगे सुचत होती आणि त्यातली बहुतेक गेलेली होती. देवनागरीत प्रश्न फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा होता. नियमाने 'गूळ', पण पाट्यांवर निम्मे लोक 'गुळ' लिहितात, म्हणून दोन्ही घेतली. संकेतस्थळांवरचे अनेक अर्ज देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत हेही मी त्यांना सांगितले, तेव्हा खोक्यावर मराठी नाव मोठे आणि खाली रोमन नाव बारीक छापायचे असे ठरले. तिन्ही नावांची मुदत ऑक्टोबरात संपते, पण फोन मी सप्टेंबरातच करते, कारण एकदा गुऱ्हाळे पेटली की ते कोणाचाच फोन उचलत नाहीत.