मे अखेरचा पाऊस: वाळपईत धो धो, पणजीत ऊन

मे संपत आला की पणजीत नुसता घाम आणि तिकडे वाळपईच्या सत्तरी तालुक्यात गडगडाट, दरवर्षीचंच हे. दुपारी समुद्राचं दमट वारं आत शिरतं, सह्याद्रीला अडून वर चढतं आणि तीन-चारला चोर्ला घाटाच्या बाजूला काळेकुट्ट ढग उभे राहतात, वरचं वारं पूर्वेचं असलं तर तेच ढग संध्याकाळी किनाऱ्यावर येतात, नाहीतर घाटातच रिकामे होतात. हवामान खात्याचा यलो अलर्ट (सावध राहायचा इशारा) अख्ख्या उत्तर गोव्याला असतो पण पाऊस कोसळतो एखाद्या गावावर, म्हणून मी तरी नाऊकास्ट म्हणजे पुढच्या 3 तासांचा अंदाज आणि रडारच बघतो. मान्सून 5 जूनच्या आसपास येतो म्हणून निर्धास्त राहू नका, पुरुमेंताची म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची सोलं (कोकमाच्या साली) अंगणात वाळत असतील तर दुपारनंतर आत घ्याच, एकदा भिजली की बुरशी धरते आणि सगळी मेहनत जाते.