फ्रेम ठरली की अर्धे पार्ट आपोआप ठरतात

स्वतः जुळवायची पहिली कार्बन रोडबाईक म्हटलं की डोक्यात आधी ग्रुपसेट (गिअर, ब्रेक आणि क्रँकचा संच) येतो, इलेक्ट्रॉनिक घ्यायचा की केबलचा, शिमानो कंपनीचा की स्रॅमचा, आणि मग रात्र रात्र रिव्ह्यू बघणं सुरू. मी उलटं केलं, आधी फ्रेमच्या मापांचा (जिऑमेट्रीचा) तक्ता काढला आणि बाकी सगळी यादी त्यावरून लावली. फ्रेममध्ये काय बसतं आणि काय बसत नाही हे कळलं की निम्म्या चर्चा तिथेच मिटतात.

साइज बघताना ५४ की ५६ यावर जाऊ नका, दोन कंपन्यांच्या ५४ मध्ये बराच फरक असू शकतो. स्टॅक आणि रीच हे दोनच आकडे धरा, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा दांडा फिरतो त्या बेअरिंगच्या) मध्यापासून हेडट्यूबचं (हँडलखालच्या नळीचं) वरचं टोक किती उंच आणि किती पुढे. आत्ता चालवताय त्या सायकलचे हे आकडे माहीत असतील तर निवड फार सोपी होते. मी जास्त स्टॅकवाली घेतली, रेसर दिसण्यापेक्षा चार तास मान न दुखणं मला महत्त्वाचं!

मग बॉटम ब्रॅकेट. माझी अट एकच होती, आट्यांचा पाहिजे, म्हणजे बीएसए किंवा टी४७ मापाचा. प्रेसफिट वाईट असतो असं नाही, पण तो दाबून बसवायचा, त्यामुळे शेलचं (फ्रेममधल्या त्याच्या खोबणीचं) माप जरा इकडेतिकडे असलं की पेडल मारताना कट कट आवाज सुरू आणि तो नक्की कुठून येतोय हे शोधण्यात रविवार जातो. बीएसएला एक लक्षात ठेवा, चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, घट्ट करताना डावीकडे फिरवायचं. आणि क्रँकचा दांडा बघून घ्या, शिमानोचा २४ मिमी, स्रॅमच्या डब प्रकाराचा जवळपास २९, बेअरिंग त्याप्रमाणे लागतात.

ग्रुपसेट मी शिमानो १०५ चा केबलवाला, १२ स्पीड घेतला. पुढे ५०-३४ दातांच्या चकत्या आणि मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), म्हणजे सगळ्यात हलका गिअर एकास एक, चढावर एवढं पुरतं. शिवाय ही कॅसेट जुन्या ११ स्पीडच्या फ्रीहबवरही (मागच्या चाकाच्या, कॅसेट बसते त्या भागावरही) बसते, त्यामुळे असलेली चाकं चालतात. स्रॅमच्या १० दातांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटला एक्सडीआर नावाची वेगळी फ्रीहब बॉडी लागते, म्हणजे चाकं घेतानाच हे ठरवायला हवं.

चाकांबद्दल थोडक्यात, पुढे १२ बाय १०० आणि मागे १२ बाय १४२ मिमीचा, चाकातून आरपार जाणारा थ्रू अ‍ॅक्सल, डिस्क ब्रेक फ्लॅट माउंटचे (फ्रेमवर सपाट बसणारे), टायर २८ मिमी पण फ्रेममध्ये ३२ ला जागा हवीच. रिम हुकवाली (टायरची कड पकडणारी) घेतली कारण हुकलेसला हवा ५ बारच्या वर भरता येत नाही आणि टायर पण चालणाऱ्या टायरच्या यादीत बघून घ्यावा लागतो, कशाला ती कटकट.

वजनाचं म्हणाल तर ८०० ग्रॅमची फ्रेम आणि हजार ग्रॅमची फ्रेम यातला फरक पाण्याची बाटली अर्धी संपली की भरून निघतो. वाचलेले पैसे चांगल्या टायरवर घाला, फरक पहिल्या वळणावर कळतो.

केबल आणि ब्रेकच्या होज (तेलाच्या नळ्या) हेडसेटमधून (फोर्क फिरतो त्या बेअरिंगमधून) आत जाणाऱ्या फ्रेम दिसतात मात्र झकास, पण हँडलबारही आतून रूटिंगचा एकसंध असेल तर वरची बेअरिंग बदलायला ब्रेकची होज सोडून परत ब्लीड करायची (ब्रेकमधली हवा काढायची) तयारी ठेवा. मी डाऊनट्यूबमधून (खालच्या तिरक्या नळीतून) केबल आत जाणारी फ्रेम घेतली, स्टेम (हँडलबार धरणारा भाग) कधीही बदलता येतो.

टॉर्क पाना आणि कार्बन पेस्ट यादीत पहिल्या दिवसापासून पाहिजे. सीटपोस्टला पेस्ट लावली की कमी टॉर्कमध्येही तो घसरत नाही, बोल्टवर जेवढे न्यूटन मीटर छापलेत त्याच्यावर जायचं नाही, अंदाजाने आवळणं तर अजिबात नाही. फोर्कच्या कार्बन स्टीअररमध्ये (वरच्या नळीत) स्टार नट ठोकायचा नसतो, आतून फुगून घट्ट बसणारा एक्सपांडर लागतो, तो बहुतेक वेळा फोर्कसोबत येतो पण विचारून घ्या. आणि स्टीअरर लगेच कापू नका, कंपनीने दिलेल्या मर्यादेत स्पेसर ठेवून थोड्या राइड करा, उंची पटली की मगच करवत, आणि कापताना मास्क लावा, कार्बनची धूळ फुप्फुसात नको.

हँडलबारची रुंदी अजून ठरत नाहीये, ४० की ४२ सेंमी. कोणी दोन्ही वापरले असतील तर सांगा.