हानले: गाडीही बसली, सॉफ्टवेअरही बसलं

लक्ष्मीपूजनाच्या रात्री अमावास्या असते, म्हणून आम्ही दिवाळीत लडाखमधलं हानले गाव गाठायचं ठरवलं. ताईने ऐन दिवाळीचा बेत म्हणून दोन दिवस अबोला धरला, पण तिचा नवराच माझ्याबरोबर निघाला होता. दाजी मूळचे साताऱ्याकडचे. ट्रॅक्टरपासून उसाच्या चरकापर्यंत सगळं स्वतः खोलून जोडणारे. मला आकाशाचे फोटो काढायचे होते आणि त्यांना गाडी चालवायची होती.

रस्त्याचं थोडक्यात सांगतो. लेहला तीन रात्री काढा, त्याशिवाय पुढे जाऊ नका. इनर लाइन परमिटच्या, म्हणजे सीमेजवळच्या भागात जायच्या परवान्याच्या, चार-पाच प्रती काढून ठेवा. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. लेहहून उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा असा सिंधूच्या काठाने साधारण 260 किलोमीटरचा रस्ता आहे. दिवस पुरतो, पण अंधाराच्या आत पोचाच. हानलेचा परिसर 2022 पासून डार्क स्काय रिझर्व्ह आहे, म्हणजे आकाश काळोखं राहावं म्हणून तिथे उजेडावर बंधनं आहेत. डोंगरावर 4,500 मीटरवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे आणि तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटेहून चालवतात. त्यामुळे गावात रात्री हेडलाइट लावून फिरलात तर लोक हटकतात आणि ते बरोबरच आहे. लाल उजेडाची विजेरी न्या.

आता मुख्य गोंधळ.

पहिल्या रात्री उणे तेरा तापमान होतं. बाहेर तिवईवर कॅमेरा, तिथून केबल गाडीत आणि गाडीत मांडीवर लॅपटॉप. लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरवरून फोटो घ्यायचे, म्हणजे बोटं गोठत नाहीत. लॅपटॉपची बॅटरी थंडीने पाऊण तासात उतरली, म्हणून सिगारेट लायटरच्या सॉकेटला इन्व्हर्टर लावला. इंजिन बंद, कारण शेजारी आणखी दोघे फोटो काढत होते आणि धूर नको होता. शर्मिष्ठा, देवयानी, कृत्तिका झाल्या, मग मृग वर आला. बाराच्या सुमारास इन्व्हर्टर पिंक पिंक करून बंद पडला आणि त्यासोबत लॅपटॉपही गपकन विझला. मी म्हटलं, उद्या बघू.

सकाळी गाडीला सेल मारला, तर नुसतं टक टक. मी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होतो. दाजी म्हणाले, "थांबा पाव्हणं, आधी आवाज ऐका. ती काय म्हणतीय ते ऐकल्याबिगर हात लावायचा नाही."

आवाजाचं गणित त्यांनी मला तिथेच समजावलं. टक टक होऊन डॅशबोर्डचे दिवे मंद झाले, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. इंजिन जड आवाजात, कण्हत फिरलं, तर बॅटरी अर्धवट आहे आणि ऑइल थंडीने घट्ट झालंय. झपाझप फिरतं पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, इंधनाकडे बघा. मीटर लावला तर 11.4 व्होल्ट. भरलेल्या बॅटरीचे 12.6 यायला हवेत. इन्व्हर्टर साधारण 10.5 व्होल्टला स्वतःहून बंद होतो, पण तोवर सेल मारण्याइतका जीव बॅटरीत उरलेला नसतो, हे मला माहीत नव्हतं. त्यात कडाक्याच्या थंडीत चांगल्या बॅटरीचीही ताकद निम्म्यावर येते.

ढकलून चालू करायचा विचार तिथे करू नका. 4,300 मीटरवर दहा पावलांत धाप लागते. होमस्टेच्या आमा-लेंचा (लडाखीत आईला आदराने असं म्हणतात) मुलगा पिकअप घेऊन आला. जम्पर केबल आमच्याकडे होती. लाल टोक आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळं टोक त्यांच्या मायनसला आणि शेवटचं काळं टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला. त्यांचं इंजिन पाच-सात मिनिटं चालू ठेवलं आणि सेल मारला. इंजिन झपाझप फिरलं, पण पेट घेईना.

म्हणजे आवाज बदलला होता, तशी व्याधीही बदलली होती. डिझेल गोठलं होतं. आपल्याकडच्या साध्या डिझेलमधलं मेण थंडीत वेगळं होतं आणि फिल्टर तुंबवतं. 2019 पासून लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल मिळतं. पण पंपावर कुठलं डिझेल भरताय हे विचारावं लागतं. आम्ही विचारलं नव्हतं. टाकीखाली विस्तव करायचं कुणी सुचवलं, तर नमस्कार करून पुढे जा. आम्ही बॉनेट उघडून उन्हाकडे तोंड करून ठेवलं, फिल्टरवर कोमट पाण्यात बुडवून पिळलेली फडकी गुंडाळली आणि चहा-चकली घेत बसलो. साडेदहाला हीटर प्लगचा (डिझेल इंजिन सेलआधी तापवणारा) दिवा तीनदा विझू दिला, दहा सेकंद सेल मारला, अर्धा मिनिट थांबलो, पुन्हा मारला. धूर सोडत गाडी चालू झाली.

दुसऱ्या रात्री लॅपटॉप गादीवर, खोलीतच ठेवला आणि सॉफ्टवेअर उघडलं. खिडकी दिसली आणि नाहीशी झाली. चार वेळा तसंच. मी ते काढून टाकून नव्याने टाकायला निघालो होतो, तेवढ्यात दाजी म्हणाले, "सेल मारताच इंजिन खोलतोय व्हय कुणी?" नशीब माझं! तिथे इंटरनेट नाही, आणि नव्याने टाकलेलं सॉफ्टवेअर लॉगिन मागणार होतं. एकदा काढून टाकलं असतं तर घरी येईपर्यंत बंदच राहिलं असतं.

मग फोटोंच्या कॅटलॉगचा, म्हणजे सॉफ्टवेअर फोटोंची नोंद ठेवतं त्या फाइलचा, फोल्डर बघितला. तिथे कॅटलॉगच्याच नावाची, शेवटी 'लॉक' असलेली एक इवलीशी फाइल होती. सॉफ्टवेअर चालू असताना ती तयार होते आणि नीट बंद केलं की पुसली जाते. आदल्या रात्री लॅपटॉप गपकन विझला, ती तशीच राहिली, आणि सॉफ्टवेअर समजत होतं की कॅटलॉग दुसरीकडे उघडा आहे. टास्क मॅनेजरमध्ये काही चालू नाही याची खात्री केली, कॅटलॉगची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि फक्त ती लॉक फाइल उडवली. लगेच उघडलं. म्हणजे इन्व्हर्टरच्या एकाच पिंक पिंकने आमच्या दोन्ही गाड्या बंद पाडल्या होत्या!

कॅमेरा तरीही दिसेना. लॅपटॉपमधला फोटो आपोआप उतरवून घेणारा प्रोग्राम त्याला धरून बसला होता. तो बंद करून कॅमेरा बंद-चालू केला. तुमच्याकडे हे झालं तर केबलही बघा, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. आणि फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्क नेऊ नका, त्या बहुधा तीन हजार मीटरपर्यंतच चालवायला सांगितलेल्या असतात. फिरता भाग नसलेली एसएसडी न्या. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा. खरं सांगायचं तर तिसऱ्या रात्री मी लॅपटॉप काढलाच नाही. कॅमेऱ्यातलाच, ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेणारा इंटरव्हल टायमर लावला आणि रजईत शिरलो.

त्या रात्री गाडीची बॅटरीही खोलीत होती, बुखारीपासून (खोली गरम करायच्या शेगडीपासून) लांबच्या कोपऱ्यात. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. भाऊबीजेच्या सकाळी गाडीने पहिल्याच सेलला उचल खाल्ली. स्टिरिओने मात्र कोड मागितला, कारण बॅटरी काढल्यावर तो सगळं विसरतो, आणि कोडचं कार्ड पुण्यात कपाटात. परतीच्या सगळ्या वाटेवर दाजींनी गवळणी म्हटल्या.