एकटीच का गेले होते: तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नघरात, महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या डब्यात, आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या भिशीत, सगळीकडे प्रश्न एकच असतो: ‘रोमला एकटीच का गेलात?’ आणि त्याच्या पोटात दुसरा दडलेला असतो, घरी काही बिनसलंय का? नाही. आमचा संसार बत्तीस वर्षं नीट चाललाय. ह्यांना एखादी वास्तू बघायला वीस मिनिटं पुरतात आणि मला अडीच तास लागतात. वाद असलाच तर एवढाच.

ज्यांना आमच्या घरातल्या वयस्कर आबांचं माहीत आहे ते मात्र वेगळं विचारतात. ‘आबा पडले तेव्हा तू कुठे होतीस?’ आजवर मी विषय बदलत आले. आता सांगतेच.

ऑक्टोबर २०१८. रोममधला माझा तो चौथा दिवस, आणि तो मी पूर्ण पायी फिरायला राखून ठेवला होता. टर्मिनी स्टेशनजवळच्या खोलीतून सकाळी आठला निघाले. सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये शिरताना फोनचा आवाज बंद केला आणि फोन पर्सच्या तळाशी टाकला. हातात कागदी नकाशा होता. कोलोसिअम आधीच आतून पाहून झालं होतं, त्यामुळे त्या दिवशी नुसती त्याच्या बाजूने गेले. तिथून सम्राट ट्रेजनच्या स्तंभापर्यंतचा रुंद रस्ता मुसोलिनीने १९३२ मध्ये जुन्या फोरमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकांच्या, अवशेषांवरूनच काढला. त्यावर चालताना दोन्ही हातांना खाली खणलेलं जुनं शहर दिसत राहतं. तहान लागली की रस्त्याकडेच्या लोखंडी नळाशी थांबायचं. त्यांना तिथे ‘नासोने’ म्हणतात, म्हणजे मोठं नाक. चोवीस तास वाहणारं गार पाणी, फुकट. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते आणि वाकायचीही गरज पडत नाही. हे मला एका शाळकरी मुलाने हातवारे करून शिकवलं.

पँथिऑन या जुन्या रोमन देवळात मी सव्वा तास बसले. तेव्हा तिकीट नव्हतं. घुमटाचा व्यास त्रेचाळीस मीटरच्या वर, आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच. आत लोखंडाची एक सळई नाही आणि माथ्यावर आभाळाला उघडं भोक. ऑक्टोबरात ऊन फरशीपर्यंत उतरत नाही, उन्हाचा गोल घुमटाच्या आतल्या चौकटींवरूनच सरकत राहतो. तो एका चौकटीतून दुसरीत जाताना मी पाहिला. सोबत कोणी असतं तर त्याला पाहायला आवडलं नसतं असं नाही. पण ‘अजून किती वेळ?’ हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असतं, आणि मी त्या उन्हाऐवजी तो चेहरा बघत बसले असते. माझं आयुष्य तसं चेहरे बघण्यात गेलंय. मुलांचे, हेडमास्तरांचे, सासूबाईंचे. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे.

तिथून जवळच सांत इन्यात्सिओ. या चर्चला घुमट बांधायचा राहून गेला, म्हणून १६८५ मध्ये चित्रकार आंद्रेआ पोत्सोने कापडावर घुमट रंगवून वर बसवला. फरशीवरच्या खुणेवर उभं राहिलं की तो खरा वाटतो, चार पावलं पुढे गेलं की कलंडतो. मी पाच-सहा वेळा पुढेमागे झाले.

मग सान लुईजी चर्च. चित्रकार कारावाज्जोने काढलेली संत मॅथ्यूची तीन चित्रं तिथे डावीकडच्या अंधाऱ्या कोनाड्यात आहेत. तेव्हा पेटीत एक युरो टाकला की दिवा लागायचा आणि थोड्या वेळाने खट्‌कन विझायचा. मी तीन नाणी टाकली. एका चित्रात टेबलाशी पैसे मोजणारी माणसं, उजवीकडून पुढे आलेला हात, आणि दाढीवाला एक जण स्वतःकडे बोट करून जणू विचारतोय, ‘मी?’ तेव्हा सव्वातीन वाजले असतील. घरी, मिरजेत, पावणेसात.

त्याच सुमाराला आबा न्हाणीघरात घसरून पडले. वय चौऱ्याऐंशी. खुब्याचं हाड मोडलं. ह्यांनी शेजाऱ्यांना बोलावून त्यांना उचलून नेलं. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पाऊण तासात दाखल झाले. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कोणती? हे म्हणाले, ‘ते हिला माहीत.’ हृदयाच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांपूर्वीच गोळी बदलली होती. जुनी चिठ्ठी घरच्या फाइलीत होती. नवी माझ्या पर्समध्ये, फोनच्या शेजारी, रोममध्ये.

टायबर नदीवरच्या सांत आंजेलो पुलावर सूर्यास्ताचा फोटो काढायला मी फोन बाहेर काढला. सतरा मिस्ड कॉल. शेवटचा मेसेज: ‘गोळीचं नाव पाठव.’ मी चिठ्ठी पुलाच्या कठड्यावर धरली. वारा होता, हात थरथरत होता, पहिले दोन फोटो हलले. तिसरा गेला. मग फोन केला तर हे म्हणाले, ‘ऐक, रडू नकोस, त्यांना झोप लागलीय.’ मागून कुठल्यातरी ट्रॉलीचा आवाज येत होता. आमचं तेवढंच बोलणं झालं.

डॉक्टरांनी नंतर मला समजावलं की ती गोळी चालू असल्याने ऑपरेशन पुढे ढकलावंच लागलं असतं, तीन तासांनी काही बिघडलं नाही. हे मी पुष्कळांना सांगितलंय. पण आबा ते तीन तास ‘ती कुठाय’ विचारत होते, ते डॉक्टरांच्या हिशेबात नव्हतं.

माझी चूक एकटी जाण्यात नव्हती. चिठ्ठी घेऊन जाण्यात होती, घरात कुणाला न सांगण्यात होती. सगळी औषधं मलाच ठाऊक, याचा मला अभिमान होता. असं मी म्हणते, आणि त्या पुलावरची मी लगेच विचारते: फोनचा आवाज बंद का होता? कारण मला तो बंद हवा होता. सकाळच्या चर्चमधून बाहेर पडल्यावर मी आवाज चालू करायला विसरले, असं मी घरी सांगितलं. विसरले नव्हते.

आणखी एक. माझं विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं होतं. आधीचं मिळतंय का म्हणून सकाळभर धडपडले, मिळालं नाही. मग खोलीत बसवेना म्हणून आव्हेंतिनो टेकडी चढले. वर संत्र्याच्या झाडांची बाग आहे, तिथून नदी आणि व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर चर्चचा घुमट दिसतो. शेजारच्या एका बंद दाराच्या कुलपाच्या भोकातूनही तोच घुमट बरोबर मधोमध दिसतो, त्यासाठी मी रांगेत उभी राहिले. त्या दोन तासांत काही वेळ मला आबांची आठवण झाली नाही. मला छान वाटत होतं.

ऑपरेशन चौथ्या दिवशी झालं, तेव्हा मी दवाखान्यात होते. आबा पुढे अडीच वर्षं वॉकर घेऊन घरात फिरले. २०२१ मध्ये गेले, त्या पडण्याने नव्हे. दुपारी ते मला रोम सांगायला लावायचे. रंगवलेला घुमट त्यांना फार आवडायचा. ‘चार पावलं पुढे गेलं की कलंडतो?’ असं पुन्हा पुन्हा विचारायचे. मी सगळं सांगितलं, बागेतले दोन तास सोडून.

आता गोळ्यांची यादी फ्रिजवर लावलेली असते, ह्यांच्या आणि माझ्याही. येत्या नोव्हेंबरात मी इस्तंबूलला चाललेय. एकटीच. फोनचा आवाज चालू ठेवायचा की नाही, ते अजून ठरत नाहीये.