तुम्ही विचारलंत म्हणून: मॅडम, तुमचा रिसर्च नक्की कशात?

मी इलेक्ट्रिकलची प्रोफेसर आहे हे कळल्यावर कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आधी सगळे इन्व्हर्टरचं विचारायचे. मला त्यातलं काही कळत नाही हे एव्हाना जगजाहीर झालंय, म्हणून आता प्रश्न येतो, "मग तुमचा रिसर्च कशात?" इन्फर्मेशन थिअरी म्हटलं की लगेच, "म्हणजे कॉम्प्युटर का?"

नाही हो. फोनवर आडनाव सांगताना आपण "भ, भटजीतला भ" म्हणतो ना, ते. कर्वे रोडच्या गोंगाटात भ चा ब होतो म्हणून आपण जास्तीचं काहीतरी जोडतो. कमीत कमी किती जोडलं की भागतं, हा माझा विषय.

समजा लाईन अशी आहे की 100 बिटांमागे 1 उलटं पडतं, म्हणजे शून्याचा एक होतो किंवा एकाचा शून्य. सोपा उपाय, प्रत्येक बिट तीनदा पाठवा आणि बहुमत घ्या. चुका 10,000 मागे साधारण 3 वर येतात, पण वेग एक तृतीयांश. अजून कमी हव्यात तर पाचदा, सातदा, म्हणजे चूक शून्याकडे न्यायची तर वेगही शून्याकडे जाणार असंच कुणालाही वाटेल. 1948 साली बेल लॅब्ज ह्या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन ह्या गणितज्ञाने दाखवलं की तसं नाहीये, ह्याच लाईनवर 100 बिटांत जवळपास 92 बिटं खरा मजकूर ठेवूनही चूक हवी तेवढी कमी करता येते. ब्याण्णव! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसेना, आकडेमोड परत करून बघितली.

गंमत म्हणजे असे कोड, म्हणजे जास्तीची बिटं जोडायच्या पद्धती, आहेत एवढंच त्याने सिद्ध केलं, वापरता येईल असा कोड काही हातात दिला नाही. रॉबर्ट गॅलेगर ह्या अमेरिकन संशोधकाचे एलडीपीसी नावाचे कोड 1960 च्या सुमाराचे, ते कितीतरी वर्षं धूळ खात पडले आणि आज 5जी चा डेटा त्यांच्यावर चालतो.

"मग झालंच की सगळं, तुम्ही काय करता?" (हे एका काकांनी खरंच विचारलंय.) शॅननचं ते वचन लांबलचक मेसेजसाठी आहे. चाकणच्या कारखान्यात रोबोटला "थांब" सांगायचंय तर हजारो बिटं जमेपर्यंत कोण थांबणार? मेसेज छोटा झाला की त्या 92 तून कापलं जातं, आणि हा तोटा अर्धा करायला लांबी साधारण चौपट लागते. मी ह्या छोट्या मेसेजच्या मागे आहे. सध्या 128 बिटांच्या एका कोडवर अडकलेय, बोर्ड दोन आठवडे पुसलेला नाही.